बोन स्कॅन: सुई टोचल्यापासून रिपोर्ट वाचेपर्यंत

बोन स्कॅन म्हणजे शिरेतून किरण सोडणारं औषध देऊन, ते हाडांत कुठे किती बसलं याचं कॅमेऱ्याने घेतलेलं चित्र. त्याच्या रिपोर्टमध्ये ‘अपटेक (औषध ओढून घेणं) वाढलेला’ असे शब्द दिसले की पहिली धडकी कॅन्सरची भरते. खरं तर त्या शब्दांचा अर्थ इतकाच, की त्या जागी हाडाची उलाढाल नेहमीपेक्षा जास्त चालू आहे. गच्चीवरून बघणाऱ्याला गल्लीत खोदकाम चाललेलं दिसतं. पाइप फुटलाय की नवी केबल टाकतायत, हे खाली उतरल्याशिवाय कळत नाही. बोन स्कॅन गच्चीवरून बघतो. डोक्यापासून पायापर्यंत कुठे काम चालू आहे ते एका फेरीत दाखवतो. कारण मात्र जागा, आकार, पेशंटचा इतिहास आणि बाकीच्या तपासण्या यांवरून ठरवावं लागतं.

औषध हाडापर्यंत पोचतं कसं

इंजेक्शनमध्ये दोन गोष्टी असतात. एक टेक्नेशियम-९९एम, म्हणजे किरण सोडणारा भाग, आणि दुसरा त्याला हाडापर्यंत नेणारा फॉस्फोनेटचा रेणू. हा बहुतेक ठिकाणी एमडीपी असतो, काही ठिकाणी एचडीपी. टेक्नेशियम-९९एमचं अर्धायुष्य ६ तासांचं आणि त्याच्या गॅमा किरणांची ऊर्जा १४० केईव्ही (किरणांची ऊर्जा मोजायचं एकक). हा जोड सोयीचा आहे. किरण शरीराबाहेर येण्याइतके जोरदार, पण कॅमेऱ्याच्या स्फटिकात अडवता येतील इतके सौम्य. आणि काम झालं की एक-दोन दिवसांत सगळं विझून जातं. हाडांच्या चित्रणासाठी टेक्नेशियमचं फॉस्फेट संयुग गोपाल सुब्रमण्यन आणि जॉन मॅकॅफी यांनी १९७१ मध्ये मांडलं. आज वापरात असलेली औषधं त्याच वाटेवरची.

टेक्नेशियम स्कॅन करणाऱ्या विभागातच ‘जनरेटर’मधून काढतात. शिशाच्या आवरणातल्या कॉलमवर मॉलिब्डेनम-९९ बसवलेलं असतं (अर्धायुष्य ६६ तास). त्याचं सतत टेक्नेशियममध्ये रूपांतर होत राहतं. कॉलममधून सलाइन ओढलं की टेक्नेशियम त्यात उतरतं. मग ते एमडीपीच्या व्हायलमध्ये, म्हणजे छोट्या बंद बाटलीत, घालायचं. व्हायलमध्ये थोडा कथिलाचा क्षार असतो. तो टेक्नेशियमचं क्षपण करतो, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देतो, आणि तेव्हाच ते एमडीपीला चिकटतं.

सर्वांत सोपी चूक इथेच होते. व्हायलमध्ये सिरिंजने हवा गेली की हवेतला ऑक्सिजन कथिल खाऊन टाकतो आणि टेक्नेशियम मोकळंच राहतं. मोकळं टेक्नेशियम हाडात जात नाही. ते थायरॉइड, लाळग्रंथी आणि जठरात साठतं. स्कॅनवर गळ्यात आणि पोटाच्या डाव्या बाजूला उजळ ठिपके दिसले, तर पेशंटमध्ये काही शोधण्याआधी व्हायल तपासावी. त्याच व्हायलमधून इंजेक्शन दिलेल्या दुसऱ्या पेशंटचं चित्र शेजारी ठेवलं की दोन मिनिटांत उलगडा होतो. इंजेक्शन देण्यापूर्वी क्रोमॅटोग्राफीच्या पट्टीवर शुद्धता तपासली तर ही वेळच येत नाही.

शरीरात गेल्यावर एमडीपी हाडाच्या खनिजाला, म्हणजे हायड्रॉक्सिॲपेटाइटच्या स्फटिकांना, चिकटतं. नवं हाड घडत असतं तिथे जास्त. किती चिकटेल हे दोन गोष्टींवर ठरतं: त्या जागेचा रक्तपुरवठा आणि हाड बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशींचं काम. काही तासांत साधारण अर्धं औषध हाडात बसतं आणि उरलेल्यातलं बरंचसं मूत्रपिंडांतून लघवीवाटे जातं.

एक्स-रेच्या आधी बोन स्कॅन का बोलतो, तेही यातूनच कळतं. एक्स-रेवर पोकळी दिसायला त्या जागचं साधारण ३० ते ५० टक्के खनिज जावं लागतं. स्कॅनला मात्र हाडाने प्रतिकार सुरू केला एवढंच पुरतं. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. हाड नुसतंच खाल्लं जात असेल आणि बांधणाऱ्या पेशी गप्प असतील, तर स्कॅन स्वच्छ येतो. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कॅन्सरमध्ये बहुधा हेच होतं. त्या आजाराचा शोध घेण्यासाठी बोन स्कॅन सांगितला असेल, तर ‘यासाठी एमआरआय, पेट-सीटी किंवा कमी डोसचा सीटी बरा नाही का?’ असं डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका. मूत्रपिंड आणि थायरॉइडच्या कॅन्सरमधूनही हाडात असेच हुलकावणी देणारे डाग पडू शकतात.

जाण्यापूर्वी

उपाशी राहायचं नाही. नेहमीच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. सीटीमध्ये देतात तो आयोडीनचा कॉन्ट्रास्ट यात नसतो, त्यामुळे त्याची ॲलर्जी असलेल्यांनाही अडचण नाही. मूत्रपिंड अधू असलेल्यांचाही स्कॅन करता येतो. फक्त औषध रक्तातून निघायला वेळ लागतो म्हणून चित्रं उशिरा घेतात. गरोदर असाल किंवा नुसती शंका असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. अंगावर पाजत असाल तरी सांगा. बरीच केंद्रं ४ तास थांबून त्या वेळचं दूध काढून टाकायला सांगतात.

माहिती मात्र नीट द्या, कारण रिपोर्ट देणाऱ्याचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. गेल्या दोन वर्षांत कुठे पडलात, कुठलं हाड मोडलं, सांधा बदलला आहे का आणि कधी, रेडिओथेरपी कुठल्या भागावर आणि कधी संपली. दात नुकताच काढला असेल तर तेही, नाहीतर जबड्यातला ठिपका उगाच सगळ्यांना पळवतो. हाडं बळकट करण्याची इंजेक्शनं, पांढऱ्या पेशी वाढवण्याची इंजेक्शनं, कमरेत घेतलेलं लोहाचं इंजेक्शन, या सगळ्यांनी चित्र बदलू शकतं. बेरियमची तपासणी नुकतीच झाली असेल तर आतड्यातलं बेरियम किरण अडवतं. जुने स्कॅन असतील तर नुसता कागद नव्हे, सीडी न्या.

इंजेक्शन आणि मधले तास

मोठ्या माणसाला अमेरिकी पद्धतीत ७४० ते १११० मेगाबेकरेल देतात, म्हणजे २० ते ३० मिलिक्युरी (दोन्ही किरणोत्सर्गाची एककं). युरोपात त्याहून कमी द्यायचा कल आहे. मुलांना वजनावर, किलोमागे ९.३ मेगाबेकरेलच्या हिशोबाने. दिलेला डोस मोजून, वेळेसह लिहून ठेवतात.

शीर निवडताना दुखणाऱ्या बाजूचा हात टाळावा. उजव्या मनगटाची शंका असेल तर सुई डाव्या हातात. आधी सलाइन सोडून शीर मोकळी आहे ना बघायचं, मग औषध, मग पुन्हा सलाइन. औषध शिरेबाहेर झिरपलं तर पेशंटला विशेष त्रास होत नाही, पण चित्राचं नुकसान होतं. कोपराशी मोठा उजळ डाग येतो, हाडांना औषध कमी पडतं, आणि झिरपलेलं औषध लसिकावाहिन्यांतून वर सरकून काखेतली गाठ उजळवतं. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशंटमध्ये काखेतला असा ठिपका किती गोंधळ घालेल याची कल्पना करा. म्हणून सुई कुठल्या हातात होती आणि झिरपली का, हे फॉर्मवर लिहिलंच पाहिजे. चुकून धमनीत गेलं तर सुईच्या खालचा अख्खा पंजा हातमोजा घातल्यासारखा उजळतो. ते एकदा बघितलं की पुन्हा चकवत नाही.

यानंतर २ ते ५ तासांचा खंड, बहुतेक ठिकाणी ३ तास. ही वाट बघणं हा तपासणीचाच भाग आहे: हाडात न बसलेलं औषध रक्तातून आणि मांसातून निघून गेलं, तरच हाडं उठून दिसतात. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी पाणी मोजून प्यायला सांगितलं नसेल, तर या वेळात नेहमीपेक्षा निदान अर्धा लिटर पाणी जास्त प्या आणि लघवीला वारंवार जा. त्याने चित्र सुधारतं आणि लघवीच्या पिशवीला बसणारा किरणांचा डोसही कमी होतो. पुरुषांनीही बसूनच लघवी करावी. पायजम्यावर उडालेला एक थेंब कॅमेऱ्याला मांडीच्या हाडातल्या डागासारखा दिसतो.

किरणांचं ओझं एकूण साधारण ३ ते ५ मिलिसिव्हर्ट (शरीराला बसणाऱ्या किरणांचं एकक). निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, त्या मापाने बघा. जोडीला सीटी केला तर यात भर पडते. २४ तासांत टेक्नेशियम नुसत्या ऱ्हासाने सोळाव्या हिश्श्यावर येतं, लघवीतून गेलेलं वेगळंच. त्या दिवशी तान्ह्या बाळाला किंवा गरोदर बाईला तासन्‌तास चिकटून बसू नये. डायपर बदलणाऱ्याने हातमोजे घालावेत. दोन-तीन दिवसांत विमानप्रवास असेल तर विभागाकडून चिठ्ठी घ्या. विमानतळावरचे किरणशोधक फार संवेदनशील असतात.

कॅमेऱ्याखाली

आत जाण्याआधी लघवीची पिशवी पूर्ण रिकामी करा. नाणी, किल्ल्या, पट्ट्याचं बक्कल, गळ्यातलं काढून ठेवा. धातू किरण अडवतो आणि तिथे काळा खड्डा दिसतो, म्हणजे अपटेक नसल्याचा भास. पेसमेकर काढता येत नाही, पण तो आहे हे माहीत असलं की पुरे.

गॅमा कॅमेरा स्वतः किरण सोडत नाही, शरीरातून येणारे टिपतो. समोर शिशाची जाळी, म्हणजे कॉलिमेटर. सरळ येणारे किरण तेवढे तिच्यातून आत जातात. मागे साधारण साडेनऊ मिलिमीटर जाडीचा सोडियम आयोडाइडचा स्फटिक, त्यात प्रत्येक किरणाचा बारीक प्रकाश पडतो, आणि प्रकाश मोजणाऱ्या नळ्या त्याची जागा ठरवतात. १४० केईव्हीच्या आसपास २० टक्के रुंदीची खिडकी ठेवतात, म्हणजे शरीरात आपटून दिशा बदललेले, ऊर्जा गमावलेले किरण वगळले जातात. कॉलिमेटर आणि शरीर यांतलं अंतर वाढलं की चित्र भराभर पुसट होतं. म्हणून डिटेक्टर छातीच्या अगदी जवळ आणतात. बंद जागेची भीती वाटत असेल तर आधी सांगा; चेहऱ्यावरून तो काही मिनिटांतच पुढे सरकतो.

उताणं झोपायचं, हात अंगालगत, गुडघ्यांखाली उशी, पायाचे अंगठे आत वळवून हलका पट्टा. दोन डिटेक्टर पुढून आणि मागून एकाच वेळी चित्र घेतात. टेबलाचा वेग असा ठेवतात की प्रत्येक बाजूच्या चित्रात १५ लाखांच्या वर काउंट, म्हणजे टिपलेले किरण, जमावेत. कमी काउंटचं चित्र ठिपकेदार येतं आणि बारीक बरगड्या हरवतात. यात २०-३० मिनिटं जातात. हलला नाहीत तर एका फेरीत काम होतं.

पेशंट टेबलावरून उतरण्याआधी टेक्नॉलॉजिस्टने चित्र बघितलंच पाहिजे. पिशवी पुन्हा भरली असेल तर तिच्या उजेडात जांघेचं हाड आणि त्रिकास्थी (कण्याच्या खालच्या टोकाचं त्रिकोणी हाड) झाकली जाते. लघवी करून बाजूने किंवा डिटेक्टरवर बसवून चित्र घ्यावं. मांडीपाशी एकटा ठिपका दिसला तर कपडे बदलून, कातडी पुसून तेवढाच भाग परत घ्यावा. ठिपका गेला तर ती लघवी होती. पाच मिनिटांच्या या खटाटोपाने पुढचा नाहक एमआरआय वाचतो.

मणक्यात किंवा कटिबंधात (कमरेखालच्या हाडांच्या कड्यात) काही संशयास्पद दिसलं तर स्पेक्ट-सीटी. डिटेक्टर पेशंटभोवती फिरत ६० ते १२० कोनांतून चित्रं घेतात आणि त्यावर सीटी बसवतात. सपाट चित्रात ‘चौथा मणका, उजवीकडे’ एवढंच कळतं. स्पेक्ट-सीटीत तो उजेड सांध्यात आहे, मणक्याच्या मुख्य भागात आहे की त्यांना जोडणाऱ्या पेडिकलमध्ये, ते दिसतं. निदान बहुधा इथेच फिरतं. मागच्या छोट्या सांध्यात असेल तर बहुतेकदा झीज. पेडिकल धरलं असेल तर कॅन्सर पसरल्याचा संशय बळावतो.

तीन टप्प्यांचा स्कॅन

हाडात जंतुसंसर्ग, स्ट्रेस फ्रॅक्चर (वारंवार ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर), सैल झालेला कृत्रिम सांधा किंवा इजेनंतर न थांबणारी वेदना असे प्रश्न असतील, तर इंजेक्शन कॅमेऱ्याखालीच देतात. पहिलं मिनिटभर दर एक ते तीन सेकंदांना चित्र: रक्त किती जोरात येतंय. मग १० मिनिटांच्या आत दुसरं: मांसात रक्त किती साचलंय. आणि तिसरं नेहमीचं, काही तासांनी. म्हणजे अशा वेळी इंजेक्शनच्या क्षणीच कॅमेरा सुरू असावा लागतो, पहिले दोन टप्पे पुन्हा मिळत नाहीत.

पायाला सूज आणि लाली आहे असं धरा. नुसता सेल्युलायटिस, म्हणजे कातडी आणि खालच्या मांसाचा संसर्ग, असेल तर पहिल्या दोन टप्प्यांत उजेड दिसेल, पण तिसऱ्यात हाड नेमकं एका जागी उजळणार नाही. ऑस्टिओमायलायटिसमध्ये, म्हणजे हाडाच्या संसर्गात, तिन्ही टप्पे उजळतात, आणि तिसऱ्यात उजेड हाडात एका जागी गोळा होतो. मधुमेहाचा पाय, ताजं ऑपरेशन किंवा ताजं फ्रॅक्चर असेल तर मात्र तिन्ही टप्पे संसर्गाशिवायही उजळू शकतात, तिथे यावर विसंबू नये. धावपटूच्या नडगीत आखूड, टोकांना निमुळता ठळक डाग म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर. मागच्या-आतल्या कडेने लांबट, फिकी रेघ म्हणजे शिन स्प्लिंट. एकाला सक्तीची विश्रांती लागते, दुसऱ्याला व्यायामात बदल करून भागतं.

खुब्याचा कृत्रिम सांधा बसवल्यावर वर्षभर, आणि सिमेंटशिवाय बसवला असेल तर त्याहून जास्त काळ, आसपास उजेड राहणं स्वाभाविक आहे. तेवढ्यात सांधा सैल झाला म्हणणं घाईचं.

चित्र वाचताना

पहिली तपासणी बाजूंची. पुढून घेतलेल्या चित्रात पेशंटची उजवी बाजू आपल्या डावीकडे असते, मागून घेतलेल्यात उजवीकडेच. मग दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते. त्रिकास्थीचे दोन सांधे, खांदे, छातीच्या मधल्या हाडाच्या कडा थोड्या उजळ असणारच. वाढत्या मुलांत हाडांच्या टोकांशी वाढीच्या पट्ट्या झगझगतात. मूत्रपिंडं आणि लघवीची पिशवी दिसायलाच हवी. ती दिसत नसतील आणि सांगाडा मात्र फार सुरेख, कोरलेला दिसत असेल, तर खूश होऊ नका. याला सुपरस्कॅन म्हणतात: हाडांनीच इतकं औषध ओढलंय की मूत्रपिंडांना काही उरलं नाही. प्रोस्टेटचा कॅन्सर सर्वत्र पसरला असला किंवा पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त चालण्यासारखा चयापचयाचा आजार असला की असं होतं. घाईत ‘नॉर्मल’ लिहून टाकायला हेच चित्र भाग पाडतं.

बरगड्यांवर एका रांगेत, एकाखाली एक ठिपके असतील तर पडल्याची किंवा जोरदार खोकल्याची चौकशी करावी, ती फ्रॅक्चरं असतात. एकाच बरगडीच्या लांबीने उजेड पसरला असेल तर काळजी जास्त. मणके, बरगड्या, कटिबंध आणि मांडीच्या वरच्या टोकात लहानमोठे, विस्कळीत डाग ही पसरलेल्या कॅन्सरची नेहमीची नक्षी. वृद्ध बाईच्या त्रिकास्थीत इंग्रजी ‘एच’च्या आकाराचा उजेड असेल तर ते ठिसूळ हाडाचं फ्रॅक्चर. कॅन्सरच्या पेशंटमध्ये एकुलता एक ठिपका असेल तर त्यावरून उपचार बदलू नयेत. त्याच जागेचा एक्स-रे, सीटी किंवा एमआरआय करावा. रिपोर्टमधलं ‘कोरिलेट’ याचा अर्थ हाच, आणि ते लिहिलेलं असूनही पुढची तपासणी राहून जाते.

वृद्धांमध्ये पडल्यानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत खुब्याचं फ्रॅक्चर स्कॅनवर निसटू शकतं, कारण हाडाचा प्रतिसादच सावकाश असतो. तिथे एमआरआय लगेच उत्तर देतो.

उपचारांनंतरचा स्कॅन हा वेगळाच कसोटीचा प्रकार. केमोथेरपी किंवा हार्मोन उपचार लागू पडला की खाल्लेलं हाड भरून यायला लागतं, आणि भरून येणारं हाड जास्त औषध ओढतं. म्हणून पहिल्या तीनेक महिन्यांत जुने डाग आणखी उजळतात, कधी आधी न दिसलेले डागही वर येतात. याला फ्लेअर म्हणतात. पेशंटचं दुखणं कमी झालंय, रक्तातला पीएसए (प्रोस्टेट कॅन्सरच्या पाठपुराव्यासाठी मोजतात तो घटक) उतरलाय आणि स्कॅन मात्र बिघडलेला दिसतोय, असा विसंवाद असेल तर औषध बदलण्याआधी पुढच्या स्कॅनची वाट बघावी. खरंच आजार वाढत असेल तर त्यातही आणखी नवे डाग दिसतील. फ्लेअर असेल तर नव्यांची भर थांबेल आणि जुने फिके पडू लागतील. दोन स्कॅनची तुलना करायची तर दोन्ही वेळा डोस आणि इंजेक्शननंतरचा वेळ शक्य तितका सारखा ठेवावा, आणि दोन्ही चित्रं पडद्यावर एकाच तीव्रतेला आणून बघावीत. नाहीतर नुसत्या ब्राइटनेसच्या फरकाने आजार ‘वाढलेला’ वाटतो.